जुनिपरमधली जोडी

मी ते भांडण मुद्दाम ऐकलं नाही. माझ्या दोन्ही गुडघ्यांत हंस आवळलेला होता, आणि जिवंत हंसाची पिसं उपटायला बसलेल्या बाईला मध्येच उठता येत नाही. सोडला तर हंस जातो, धरून ठेवला तर शेजाऱ्यांचं सगळं ऐकावं लागतं. लग्न होऊन होमोकसेग गावी आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासूने उशा भरायला घेतल्या होत्या. आणि कुंपणापलीकडे, पडवीतल्या टेबलाशी, वेंडेल मास्तर आणि त्यांची बायको हर्मिना, नवरा कोण आणि बायको कोण यावरून भांडत होती.

त्यांच्या स्वतःबद्दल असतं तर मी कान झाकले असते. पण भांडण दोन ढेकणांबद्दल होतं.

खाटेतल्या ढेकणांचं कौतुक कोणी करत नाही. मास्तरांना वेड होतं ते रानातल्या ढेकणांचं, झाडाचा रस पिऊन जगणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या जिवांचं. गावाबाहेर वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांवर जुनिपरची काटेरी झुडपं. त्या झुडपांवर एक काटकुळा, लांब पंखांचा ढेकूण सापडे. आणि बरोबर त्याच झुडपांखाली, गवताच्या बुडाशी, एक जाडी, आखूड पंखांची सापडे. मास्तर म्हणत, या दोन जाती. हर्मिनाताई म्हणे, एकच.

"वेंडेल, तुझे काटकुळे सगळे नर. माझ्या जाड्या सगळ्या माद्या. एकाच झुडपाच्या वर-खाली राहतात. आता काय लग्नपत्रिका हवी तुला?"

"काटकुळ्याच्या मिशीच्या पहिल्या पेरावर ठिपके आहेत. जाडीच्या मिशीवर एकही नाही."

"तुझ्याही मिशीवर सकाळचं अंडं आहे. माझ्या तोंडावर नाही. म्हणून आपण दोन जाती झालो?"

मला हसू आलं, आणि तेवढ्यात हंसाने मनगटाला चावा घेतला.

आमच्याकडे बायका नवऱ्याला अहो-जाहो करायच्या. मी आजही माझ्या गाश्पारच्या थडग्याशी अहोच म्हणते. हर्मिनाताई मात्र शहरात शिवण शिकून आलेली. ती मास्तरांना भर पडवीत अरे-तुरे करायची, आणि मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. सासू म्हणायची, अशा घरात काहीतरी होणार.

"अंग फुगेल, पंख आखूड होतील," मास्तर म्हणाले. "पण या कुळात मिशी नवरा-बायकोची सारखीच असते."

"मग तुझ्या काटकुळ्याची बायको कुठाय?"

"असेल वर शेंड्याला. तिथवर छत्री पोचत नाही."

"आणि जाडीचा नवरा?"

"असेल कुठेतरी."

"असेल, असेल. माझ्या बापाच्या चार गायीपण असतील कुठेतरी."

"मी दोन नावांनीच शहरातल्या संग्रहालयाला कळवणार आहे, हर्मिना."

"कळव. भरल्या संसाराची ताटातूट केली म्हणून हसतील तुला." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "नाहीतर असं कर. आत्ता जा, त्या झुडपापाशी बस, आणि डोळ्यांनी बघ. दोघं एकत्र आलेली दिसतील तुला. दिसल्याशिवाय घरी येऊ नकोस."

"आणि नाहीच दिसली तर?"

"तर तिथेच बस."

मास्तरांनी कोपऱ्यातली पांढरी छत्री उचलली, काठी उचलली आणि निघाले. रागावलेले दिसत नव्हते. कुंपणापाशी येऊन थांबले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "पान्का, हंसाची मान आवळते आहेस." मी हात सैल केला. ते गेले.

त्यांचं काम करायची तऱ्हा सगळ्या गावाला ठाऊक होती. छत्री उघडून उलटी धरायची, झुडपाच्या फांदीखाली. वरून फांदीला काठीने मारायचं. जे जीव फांदीवर असतील ते छत्रीत पडतात, पांढऱ्यावर उठून दिसतात. प्रत्येकाची मारायची लय वेगळी असते म्हणे. मास्तरांची दोन भरभर, मग थांबून एक. ठक-ठक. ठक. त्या संध्याकाळी मी पिसं भरत असताना तो आवाज वाळूवरून येत होता. मग दिवे लागले आणि आवाज थांबला.

मास्तर घरी आले नाहीत.

आजकालच्या पोरांना त्या वर्षांचं सांगून पटत नाही. तेव्हा एखाद्या घरचा माणूस दिसेनासा झाला की शेजारी विचारपूस करायला जात नसत, खिडकीचा पडदा ओढून घेत. त्याच उन्हाळ्यात सरकारने गावभर कागद चिकटवले होते, अमेरिकन शत्रू विमानातून बटाट्यावरचे पट्टेरी भुंगे टाकतोय, सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा. मग काय, जो उठेल तो काडेपेटीत काहीतरी घालून शाळेत हजर. "मास्तर, हा अमेरिकन आहे का बघा." मास्तर पेटी उघडायचे, भिंगातून बघायचे, आणि म्हणायचे, "नाही हो, हा आपलाच. तुमच्या पणजोबांच्या वेळेपासून इथेच आहे." खरं तेच सांगायचे. पण कुणीतरी म्हणालंच, या मास्तराला सगळे किडे आपलेच कसे दिसतात. आणि दुसरं कुणी म्हणालं, हा माणूस उघड्या माळावर आभाळाकडे पांढरी छत्री उलटी धरून उभा असतो, ती कुणाला दिसावी म्हणून?

छत्री दुसऱ्या दिवशी सापडली. जुनिपरच्या फांदीला उलटी टांगलेली, काठी खाली वाळूत. छत्रीत नुसत्या वाळक्या काटक्या. मिहोक मेंढपाळ म्हणाला, टेकडीमागच्या रस्त्यावर राखाडी मोटार उभी होती. आठवड्याने म्हणाला, नव्हती. हर्मिनाताई तालुक्याला पोलिसांत गेली, विचारून आली. तिथे तिला सांगितलं, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. मग काही वर्षांनी, ज्या शरदात निम्मी तरुण मंडळी सीमा ओलांडून गेली, तेव्हा लोकांनी ठरवलं की मास्तरही गेले असणार. बरं पडतं असं ठरवलं की. पत्र मात्र आलं नाही, आणि हाडंही सापडली नाहीत.

हर्मिनाताईने काळं नेसलं नाही. आमच्याकडे नवरा गेला की बाई काळी होते, मरेपर्यंत. ती तिच्या निळ्या ठिपक्यांच्या झग्यातच राहिली. पाद्रीबाबांनी समजावलं, बायकांनी टोमणे मारले. माझी सासू तर विहिरीवर तोंडावर म्हणाली, "काळं नेस, नाहीतर दुसरा कर. मधलं काय हे?"

"तो कामाला गेलाय," हर्मिनाताई म्हणाली आणि बादली उचलून चालू लागली.

पोटाला तिची शिवण होती. गावातल्या झाडून सगळ्या नवऱ्या तिच्याच हातच्या झग्यात चर्चला गेल्या. पण जूनच्या मध्यावर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की रोज दिवस कलायच्या सुमाराला ती तीच छत्री, तीच काठी घेऊन जुनिपरच्या रानात जाई, पानगळ लागेपर्यंत. मास्तर सुट्टी लागल्यावर सुरू करायचे, म्हणून तीही सुट्टी लागल्यावरच. पिशवीत आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याच्या दोन पोळ्या फडक्यात बांधलेल्या असत. एक ती खाई. दुसरी कुठे जाई ते मला माहीत नाही. कोल्हे तिकडे पुष्कळ आहेत.

शिवाय एक बरणी असे. त्यात कसलीशी पानं ठेचून घातलेली, त्या वासाने ढेकूण मरतात. वास अगदी कडू बदामासारखा. तिच्या घरातून नेहमी बदामाची बिस्किटं भाजल्यासारखा वास यायचा, आणि तिच्याकडे खायला जायची कोणाची छाती होत नव्हती.

आता तो आवाज. सगळं गाव सांगायचं की रानात दोन काठ्या वाजतात. हर्मिनाताई इकडून मारते, आणि थोड्या वेळाने टेकडीच्या पल्याडून उत्तर येतं, दोन भरभर, मग थांबून एक. पोरं तिकडे गुरं नेईनात.

"सुतारपक्षी आहे," माझा गाश्पार म्हणायचा.

"अहो, सुतारपक्षी थांबून थांबून ठोकतो का?"

"दमत असेल."

माझ्या धाकटीच्या बाप्तिस्म्याचा झगा अडला होता, म्हणून एकदा मीच तिला शोधत तिकडे गेले. ऊन उतरलं होतं. जुनिपरची झुडपं त्या वेळी माणसांसारखी दिसतात, कोणी उभं, कोणी वाकलेलं, कोणी बसलेलं. ती एका झुडपाशी छत्री धरून उभी होती. मला बघितलं, बोटाने गप्प राहा म्हणाली, आणि फांदीला मारलं. मग थांबली. वारा नव्हता. पलीकडून आलं.

ठक-ठक. ठक.

मी तिच्या झग्याची बाही धरली. "ताई, तो कोण?"

"पाखरू असेल. नाहीतर मास्तर असेल."

"हाक मारून बघितलीस कधी?"

"नाही. हाक मारली आणि ओ आली तर काय करू?" ती छत्रीत वाकून बोटाने काटक्या बाजूला सारत होती. "मी त्याला सांगितलंय बस म्हणून. तू ऐकलंयस, तू होतीस तिथे. जोडी दिसेपर्यंत बस, म्हटलं. एकदा ही दोघं एकत्र सापडू देत. म्हणजे तो बघेल, आणि उठेल."

"आणि जोडी नसेलच तर?"

तिने छत्री मिटली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर रागावली ती तेवढी एकदाच. "झगा उद्या देते," म्हणाली. "जा घरी. पोरीला दूध पाजायची वेळ झाली."

तिच्या मागच्या खोलीत खोकी होती, काचेच्या झाकणाची. ढेकूण एवढा बारीक की टाचणी त्याच्यातून घालता येत नाही. पुठ्ठ्याचा त्रिकोणी तुकडा कापायचा, टोकाला डिंकाचा थेंब, त्यावर ढेकूण, आणि टाचणी पुठ्ठ्यातून. खाली बारीक अक्षरात चिठ्ठ्या, कुठे, केव्हा, कुठल्या झाडावर, कोणी धरला. त्याखाली जातीचं नाव. या लोकांचा एक नियम आहे, तो तिने मला शिवता शिवता सांगितला होता. आधीच्याची चिठ्ठी काढायची नाही. तो चुकलेला असला तरी नाही, तो मेलेला असला तरी नाही. आपलं म्हणणं दुसऱ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि तीच टाचणी त्याच्यातूनही घालायची, आधीच्या चिठ्ठीच्या खाली.

म्हणून मास्तरांच्या प्रत्येक टाचणीवर आधी त्यांची चिठ्ठी होती, काटकुळ्याचं नाव वेगळं, जाडीचं वेगळं. आणि तिच्याखाली हर्मिनाताईची. "एकच. हर्मिना." पुढच्या टाचणीवर पुन्हा, "एकच. हर्मिना." खोक्यामागून खोकी. त्या दुपारचं भांडण तिथे नीट टाचून ठेवलं होतं, आणि मिटलेलं नव्हतं. मी खोली झाडायला जायची तेव्हा त्या काचांकडे पाठ करून झाडायची.

अशी वर्षं गेली. गाश्पारचे दात गेले, माझे केस गेले, शाळेत किती मास्तर आले आणि गेले. हर्मिनाताईने एक नियम मोडला नाही. सुट्टी लागली की छत्री, पानगळ लागली की बंद.

मग एका हिवाळ्यात आमच्याकडे डुक्कर मारायचा दिवस होता. अंगणात सांडलेलं गरम पाणी गोठलेलं, हर्मिनाताई सॉसेजचं ताट घेऊन निघाली आणि पडली. मांडीचं हाड. डॉक्टरांनी प्लास्टरात घातलं, पण त्या वयात हाड कुठलं लवकर सांधतंय. वसंत गेला तरी ती खिडकीपाशी पलंगावरच. मी दोन वेळा सूप घेऊन जायची, आणि रोज बोलणी खायची. सूप खारट, सूप अळणी, पडदा असा का ओढलास, कात्री कुठे ठेवलीस.

खिडकीत एक कुंडी होती. आदल्या शरदात तिने जाड्यांसकट गवताचा गड्डा खणून आणला होता, वर दिव्याची काच उलटी ठेवून मलमल बांधलेली. जाड्या थंडीत मेल्या. एरवी ती अशा कुंड्या नाताळाआधीच्या साफसफाईत फेकून द्यायची. त्या वर्षी राहून गेली, आणि मग पाय मोडला.

"हे वाळलेलं टाकू का?" मी म्हटलं.

"राहू दे. दोन चमचे पाणी घाल. काहीतरी हिरवं दिसेल, तुझ्या तोंडाशिवाय."

मी घालत राहिले. गवत फुटलं. आणि मे महिना लागता लागता एका दुपारी मी सूप घेऊन गेले तर ती कोपरावर उठून बसलेली, भिंग डोळ्याला, काचेला नाक लावलेलं.

"ताट ठेव. इकडे ये. हळू."

गवताच्या पात्यावर हिरवे ठिपके पळत होते. पिल्लं. जाड्यांनी मरण्याआधी गवतात अंडी घातली होती, ती फुटली होती. त्या दिवसापासून ती झोपायची थांबली म्हणा ना. पिल्लू कात टाकतं, मोठं होतं, पुन्हा कात टाकतं. मी गेले की मला सगळी हकीकत, जणू नातवंडांचीच. आणि जूनच्या पहिल्या दिवसांत तिने मला खिडकीतून हाक मारली. हाक अशी की मी पिठाच्या हातांनी धावले.

"भिंग घे. तो वरचा बघ. त्याचे पंख?"

"लांब आहेत."

"पोटाचं टोक?"

"ताई, मला चष्म्याशिवाय सुई ओवता येत नाही."

"बरं, ते मी बघितलंय. नर आहे. मिशी बघ. मिशीचं पहिलं पेर."

मी बघितलं. बराच वेळ बघितलं. "साधी आहे," म्हटलं. "ठिपके नाहीत."

ती उशीवर मागे टेकली. बाहेर घंटा वाजली.

"ती कसली घंटा?"

"शाळेची. मधली सुट्टी."

"शाळा अजून चालू आहे," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "शाळा अजून चालू आहे, पान्का."

मला कळेना. तिनेच सांगितलं, छताकडे बघत. जाडीचा नवरा हा असा, फिकट, साध्या मिशीचा. तो जूनच्या सुरवातीला निघतो, बायकोला भेटतो आणि मरतो. शाळा सुटेपर्यंत एकही उरत नाही. मास्तर सुट्टी लागल्यावर रानात जायचे, म्हणून त्यांना कधी दिसला नाही. "त्याला शाळा होती," ती म्हणाली. "मला कुठली शाळा होती? मला कोणी बांधलं होतं? मी एक वर्ष जरी आधी गेले असते. पण मी त्याच्या वेळेला जात राहिले. त्याच्या वेळेला गेले तर तो भेटेल, असं वाटायचं."

"मग काटकुळा?"

"काटकुळा वेगळा. दोन जाती आहेत. तो म्हणत होता तेच." तिने भिंग पालथं ठेवलं. मग हळू म्हणाली, "जी जोडी नाहीच, ती बघायला मी त्याला बसवलंय."

मी सूप गरम करून आणलं. ती ते गुपचूप प्यायली, खारट म्हणाली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पुढच्या काही दिवसांत जाड्याही शेवटची कात टाकून बाहेर पडल्या, आणि तिने काचेमागे जोडी बघितली, जाडी आणि तिचा खरा नवरा. मग ते नर एकेक करून मातीवर पडले. तिने ते चिमट्याने उचलले, पुठ्ठ्यावर चिकटवले. आणि मला मागच्या खोलीतली खोकी आणायला लावली. सगळी. पलंगावर लाकडी फळी ठेवून तिने चिठ्ठ्या कापल्या. तिची आधीची चिठ्ठी काढली असती तर कोणाला कळलं नसतं. मी म्हटलंही तसं.

"काढ ना ती. 'एकच' लिहिलेली. आता खोटीच आहे ना?"

"नियम नाही," ती म्हणाली. "चुकले ते दिसू दे."

म्हणून तिसरी चिठ्ठी. "दोन. वेंडेलचं बरोबर. हर्मिना." टाचणी उचलायची, चिठ्ठीतून घालायची, परत रोवायची. उन्हाळा त्यातच गेला. त्या वर्षी रानात कोणी गेलं नाही. आणि आवाजही आला नाही म्हणावं, तर तसं नाही. वारा पडला की यायचा. एकच काठी, उत्तराची वाट बघितल्यासारखी. गाश्पार म्हणाला सुतारपक्षी, पण या वेळी खिडकी लावून घेऊन म्हणाला.

"काटकुळ्याची बायको मात्र अजून सापडली नाही," एकदा मी चिठ्ठ्या वाळत घालताना म्हटलं.

"असेल वर शेंड्याला."

"तू बघितलीस?"

"तो म्हणाला होता ना," हर्मिनाताई म्हणाली.

शरदात ती काठी टेकत चालायला लागली. डॉक्टर म्हणाले अंगणापर्यंत. तिने ते ऐकून घेतलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मी ते आधीच सांगून टाकते. ती त्या संध्याकाळी रानातून परत आली नाही. मिहोकच्या मुलाला सकाळी सापडली, जुनिपरला पाठ टेकून बसलेली, मिटलेली छत्री मांडीवर. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मग वसंतात शहराच्या संग्रहालयातून एक बाई आली, खोकी मोटारीत घातली. चांगली होती, हलक्या हाताची. भिंगातून चिठ्ठ्या वाचत होती. "आजी, यातली हर्मिना कुठली?" तिने विचारलं. "मधली की खालची?" मी म्हटलं, दोन्ही तीच. तिने मान हलवली, आणि एकही चिठ्ठी न काढता झाकणं लावली. त्यांच्यातही तोच नियम असणार.

आता ती संध्याकाळ. मी फाटकाशी हंसांना पाणी घालत होते. दूध चुलीवर होतं. पानगळ लागली होती, म्हणजे खरं तर तिची वेळ सरली होती. तरी ती आली, निळ्या ठिपक्यांच्या झग्यात, एका हातात चालायची काठी, दुसऱ्या काखेत छत्री आणि ती जुनी काठी. खांद्याला पिशवी. फडक्याचा कोपरा वर आलेला, मुरंबा पाझरून जांभळा झालेला.

"डॉक्टर अंगणापर्यंत म्हणाले होते," मी म्हटलं.

"अंगण मोठं आहे माझं."

"बरणी विसरलीस."

"नको आज."

"मग कशाला चाललीस?"

"नेहमीचंच," ती म्हणाली. "जायचं, ठोकायचं, बघायचं." मग हंसांकडे बघून म्हणाली, "हा पांढरा लंगडतोय. पायात काटा असेल, बघ."

मी वाकून हंसाचा पाय धरला. काटा होताच, जुनिपरचा. तो काढेपर्यंत ती वाळूच्या वाटेला लागली होती. पाठ थोडी वाकलेली, छत्री काखेत. चढाच्या आधी थांबली, दम घेतला, झग्याचा घेर नीट केला. जशी रोज करायची. मग जुनिपरच्या झुडपांत शिरली आणि त्यांतलीच एक होऊन दिसेनाशी झाली.

थोड्या वेळाने आवाज आला. ठक-ठक. मग थांबून, ठक.

मी हंस गुडघ्यात धरून उत्तराची वाट बघत राहिले. पण आत दूध उतू जात असल्याचा वास आला, आणि मला उठावं लागलं.